भूमीच्या खुणा आणि वाऱ्याचा हिशेब : उड्डाणशिक्षणातील एका उपेक्षित धड्याचा आढावा

ल कॉर्ब्युझिए यांनी १९५१ साली चंदीगडची आखणी हाती घेतली, तेव्हा प्रत्येक सेक्टराला त्यांनी ८०० मीटर रुंदी आणि १२०० मीटर लांबी नेमून दिली, आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या सपाट मुलखावर काटकोनी रस्त्यांची अशी जाळी उमटली, की आकाशातून पाहणाऱ्यास अंतराचा अदमास घेण्यासाठी निराळी मोजपट्टी लागू नये. या जाळीवर एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कॅपिटॉलच्या शासकीय इमारतींपासून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या जनमार्गाला समांतर असे एक शिकाऊ विमान ९० नॉट वेगाने चालले आहे, वायव्येकडून १५ नॉटचा वारा त्यावर आडवा येत आहे, आणि वैमानिकाने विमानाचे नाक रस्त्याच्या दिशेला चोख धरून ठेवले आहे, अशी कल्पना केली, तर एका मिनिटाच्या अखेरीस ते विमान सुमारे ४६० मीटर, म्हणजे सेक्टराच्या आखूड बाजूच्या निम्म्याहून अधिक, आग्नेयेकडे सरकलेले आढळेल. आणि या मिनिटभरात होकायंत्र, उंचीमापक व वेगमापक ही तिन्ही यंत्रे सर्व काही यथास्थित असल्याचीच ग्वाही देत राहतील. प्रत्यक्षात शहराच्या डोक्यावर कमी उंचीवरून असा सराव करण्यास मुभा नाही, परंतु वारा विमानाला किती मुकाट्याने वाहून नेतो याचा अंदाज येण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

हे सरकणे वेळीच ओळखणे, त्याला योग्य प्रमाणात उत्तर देणे, आणि तसे करीत असताना उंची, वेग व वळणाचा तोल यांपैकी कशाकडेही दुर्लक्ष होऊ न देणे, एवढ्यासाठी विद्यार्थी वैमानिकाकडून ६०० ते १००० फूट उंचीवर, जमिनीवरील ठळक खुणांच्या आधाराने जे ठरावीक मार्ग उडवून घेतले जातात, त्यांना अमेरिकन वैमानिकांच्या परिभाषेत ग्राउंड रेफरन्स मनूव्हर्स असे नाव आहे. या लेखात त्यांना भूसंदर्भाचे धडे म्हटले आहे. शेतांच्या किंवा रस्त्यांच्या चौकटीभोवती समान अंतर राखून घातलेला आयत, सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने काढलेली सारखी अर्धवर्तुळे, एखाद्या एकाकी झाडाभोवती वा चौकाभोवती पुरे केलेले वर्तुळ, आणि शेवटी दोन खुणांभोवती रेखलेला इंग्रजी आठाचा आकार, असा त्यांचा चढता क्रम आहे.

ज्याला या धड्यांचे महत्त्व पटवून घ्यावयाचे असेल त्याने विमानतळावरील सर्किटकडे पाहावे. धावपट्टीभोवती साधारणतः १००० फूट उंचीवर घातला जाणारा हा फेरा म्हणजे भूसंदर्भाचा आयतच होय, आणि त्याची शेवटची दोन वळणे सर्वांत कमी उंचीवर, सर्वांत कमी वेगात घ्यावी लागतात. बेस लेगवर, म्हणजे या दोन वळणांमधल्या धावपट्टीला आडव्या बाजूवर, वारा पाठीमागून असला म्हणजे विमान अपेक्षेपेक्षा लवकर धावपट्टीच्या रेषेपाशी पोहोचते आणि ती ओलांडू लागते. विद्यार्थ्याला पंख अधिक कलवायचे असतात, पण जमीन जवळ दिसत असल्याने त्याचा धीर होत नाही, म्हणून तो आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढून आणू पाहतो, नाक खाली झुकले की स्टिक मागे घेतो, आणि अशा रीतीने वळण घसरते झाले असता आतला पंख प्रथम स्टॉल होऊन, म्हणजे त्याची उचल तुटून, विमान गिरकीत जाते, तेव्हा सावरण्यापुरती उंची शिल्लक उरलेली नसते. ४५ अंशांच्या कलात समतल वळण घेताना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जे विमान एरवी ५० नॉटला स्टॉल होते ते जवळजवळ ६० नॉटलाच होते, ही गोष्ट विद्यार्थ्याने लेखी परीक्षेसाठी पाठ केलेली असते. परंतु वाऱ्यामुळे जमिनीवरून वेग अधिक भासत असताना, डोळ्यांनी दिलेली खोटी साक्ष नाकारून वेगमापकावर विश्वास ठेवण्याची सवय पाठांतराने लागत नाही. वोल्फगांग लांगेविश यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथात खालच्या उंचीवर वैमानिकाची दृष्टी कशी फसते याचे जे विवेचन केले आहे, त्याला आठ दशके उलटूनही त्याची मातब्बरी ओसरलेली नाही.

इतिहासाकडे वळले असता असे दिसते, की हा धडा उड्डाणशिक्षणात पुढे कधीतरी घातलेली भर नसून त्याच्या अगदी प्रारंभीची कसोटी आहे. विमानोड्डाणाच्या नियमनासाठी १९१९ साली पॅरिस येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या परिशिष्टात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी अशी अट नमूद आहे, की उमेदवाराने परस्परांपासून ५०० मीटर अंतरावर असलेल्या दोन खांबांभोवती, २०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर न जाता, इंग्रजी आठाच्या आकाराचे पाच फेरे एका दमात पुरे करावेत. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, आणि १९३६ साली लाहोर फ्लाइंग क्लबात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ उडवून परवाना संपादन केला, तो काळ याच कराराच्या अमलाचा होता. ज्या लाहोरला मुकल्यामुळे पूर्व पंजाबला चंदीगड ही नवी राजधानी वसवावी लागली, त्या शहराचा फ्लाइंग क्लबही फाळणीनंतर सरहद्दीपलीकडे राहिला. परंतु वैमानिकाची परीक्षा भूमीवरील दोन खुणांमध्ये घ्यावयाची, ही कल्पना उभय पंजाबांच्या समाईक वारशातली आहे, हे विसरता येणार नाही.

पुढे या कल्पनेला दोन निराळ्या वाटा फुटल्या. अमेरिकेत १७८५ च्या भूमिविषयक अध्यादेशाने मध्य व पश्चिमेकडील अफाट प्रदेश एकेक मैलाच्या चौरसांत मोजून टाकला होता, त्या चौरसांच्या कडेने रस्ते गेले होते, आणि १९३९ च्या कायद्याने नागरी वैमानिकांना सामुदायिक रीतीने शिकविण्याची योजना जेव्हा तिथे सुरू झाली, तेव्हा आयत, अर्धवर्तुळे आणि आठ यांचा पाठ्यक्रमात समावेश होणे स्वाभाविकच होते. आजही तिथे खासगी परवान्याच्या परीक्षेत यांपैकी एखादा धडा विचारला जातो, आणि उंचीत १०० फूट व वेगात १० नॉट यांहून अधिक फरक परीक्षक चालवून घेत नाही. ब्रिटिश परंपरेने मात्र शिक्षणाची क्रमांकवार मांडणी केली: स्टॉल दहाव्या पाठात, सर्किट तेराव्यात, पहिले एकल उड्डाण चौदाव्यात, इंजिन बंद पडल्यास उतरण्याचा सराव सोळाव्यात, मार्गनिर्देशन अठराव्यात, आणि वाऱ्याने सरकण्याचा विषय या पाठांच्या पोटात विखुरला गेला. आपल्या फ्लाइंग क्लबांनी हीच मांडणी पत्करली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये जी शिकाऊ विमाने तयार झाली, त्यांच्यामागे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी जन्मलेल्या आणि गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रान्ट्ल यांच्यापाशी शिकलेल्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांची प्रतिभा होती. १९५१ साली उडालेले एचटी-२ आणि १९५८ साली उडालेले पुष्पक ही त्यांच्या कारकिर्दीतील विमाने. यांपैकी पुष्पक हे देशातील अनेक क्लबांत वर्षानुवर्षे वापरात होते, त्याचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर होते, त्याचा वेग बेताचा होता, आणि खालची जमीन त्यातून मोकळी दिसत असे, तेव्हा भूसंदर्भाचे धडे गिरवण्यास याहून अनुकूल विमान सापडणे कठीण; तरीही या धड्यांना आपल्या अनुक्रमात स्वतंत्र स्थान मिळाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

परिणामी आज भारतीय विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडलेले दिसतात. जो विद्यार्थी ॲरिझोना वा फ्लोरिडा येथे जाऊन शिकतो त्याच्याकडून हे धडे नावानिशी घोटून घेतले जातात. जो इथे राहून व्यावसायिक परवान्यासाठी आवश्यक असे २०० तासांचे उड्डाण पुरे करतो, त्याला वाऱ्याची ओळख बहुधा सर्किटमध्येच, म्हणजे रेडिओवर बोलणे, इतर विमाने टाळणे, फ्लॅप्स व इंजिन सांभाळणे आणि उतरण्याची तयारी करणे या सर्व व्यवधानांच्या गर्दीत होते. चांगला इन्स्ट्रक्टर लाभला तर तो सराव-क्षेत्रात नेऊन एखाद्या रस्त्यावर ही गोष्ट दाखवतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे शिक्षण शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राहते त्याला शिरस्ता म्हणता येत नाही.

आणि हे सर्व अशा प्रदेशाविषयी लिहावे लागत आहे, की ज्याची जमीन या धड्यांसाठीच मोजली गेली असावी असे वाटते. चंदीगडचा विमानतळ मूलतः हवाई दलाचा, प्रवासी वाहतुकीची विमाने त्याच धावपट्टीचा उपयोग करतात, त्यामुळे प्राथमिक शिक्षणाचे काम शेजारच्या लहान धावपट्ट्यांवर, पिंजोर येथे हरियाणा इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल एव्हिएशनच्या केंद्रात आणि पतियाळाच्या क्लबात, चालत आले आहे. पतियाळा वा कर्नालच्या बाजूस गेले, की खाली पंजाबी जमीनमोजणीची चौकट उलगडते. ४० करम लांब व ३६ करम रुंद असा एक किल्ला, म्हणजे २२० फूट गुणिले १९८ फूट, बरोबर एक एकर; असे २५ किल्ले मिळून एक मुरब्बा; आणि १९४८ च्या पूर्व पंजाब एकत्रीकरण कायद्यान्वये झालेल्या चकबंदीने गावोगावच्या विखुरलेल्या तुकड्यांना या सरळ रेषांत आणून बसवलेले आहे. एक मुरब्बा ११०० फूट गुणिले ९९० फूट असल्याने तो स्वतः आयती फेऱ्यास लहान पडतो, मैलभर बाजूची चौकट हवी असते. परंतु चारपाच मुरब्ब्यांची रांग, तिच्या कडेने गेलेला पक्का रस्ता, पलीकडचा कालवा आणि दोन गावांची शीव एवढे निवडले की हवा तो आयत तयार होतो. मुंबई प्रांतात एकत्रीकरणाचा कायदा याच्याही आधी, १९४७ साली झाला, पण दख्खनच्या उंचसखल भूमीवर बांध आणि ओढे यांनी आपली वळणे सोडली नाहीत, आणि म्हणून बारामतीला शिकणाऱ्याने नीरा डाव्या कालव्याचा व डांबरी सडकेचा आश्रय करावा, तर गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्याने भाताच्या बांध्यांचा नाद सोडून मालगुजारी तलावांभोवती वर्तुळे काढावीत, हे श्रेयस्कर. पिंजोरची गोष्ट वेगळी आहे. तिथे एका अंगाला डोंगर जवळ असल्याने वारा कड्यांवरून वळून येतो, आणि घग्गरचे पात्र, कौशल्या धरणाचा जलाशय, काल्क्याचा लोहमार्ग या खुणा मिळाल्या तरी नवशिक्याला आरंभ मैदानाच्या बाजूस करणे इष्ट.

वारा कोठून वाहतो हे या मुलखात भूमीच सांगते. वीटभट्टीच्या उंच चिमणीतून निघणारा धूर हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार, मात्र तीच चिमणी खाली उडणाऱ्यास अडथळाही असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाच्या उभ्या पिकावरून जाणाऱ्या लाटा, पाणी भरलेल्या भातशेतांवरील तरंग, आणि गावतळ्याचा जो काठ वाऱ्याच्या आडोशाला असेल त्याच्याजवळचे निश्चल पाणी, यांवरून दिशा आणि जोर या दोहोंची रुजवात घेता येते. डिसेंबर-जानेवारीचे धुके, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीनंतरचे काड जाळल्याने पसरणारा धूर, आणि मे-जूनमधील धुळीची वादळे ही या प्रांताची संकटे ठरलेली आहेत. उन्हाळ्याविषयी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे: समुद्रसपाटीपासून सुमारे १००० फूट उंचीवरच्या या मैदानात जानेवारीच्या सकाळी तापमान १० अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश असले, तर हवा विरळ झाल्यामुळे वेगमापक तोच आकडा दाखवीत असताना खरा वेग वाढतो, आणि तेवढ्याच कलात घेतलेल्या वळणाची त्रिज्या सुमारे नवव्या हिश्श्याने मोठी होते. जो विद्यार्थी हिवाळ्यात झाडाभोवती सुरेख वर्तुळ काढीत होता तो मे महिन्यात ते बाहेर फेकले गेलेले पाहून गोंधळतो, आणि त्याला हे कारण कोणी सांगितले नाही तर तो स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

शिकवण्याची पद्धत हा या विषयाचा गाभा आहे, आणि तिथेच शिक्षकाशिक्षकांत मोठा भेद दिसतो. माझ्या मते पहिला पाठ विमानात देऊ नये. मोकळ्या पटांगणात खडूने आयत आखावा, वाऱ्याची दिशा ठरवावी, विद्यार्थ्याच्या हाती लाकडी प्रतिकृती द्यावी, आणि त्याने त्या आयतावरून चालत प्रत्येक बाजूस नाक वाऱ्याकडे किती वळवावे लागेल, प्रत्येक कोपऱ्यावर वळण ९० अंशांहून कमी होईल की अधिक, हे तोंडाने सांगत जावे. वारा पाठीशी असलेली बाजू संपवून आडव्या बाजूस वळताना ९० अंशांहून अधिक वळावे लागते, कारण नाक पुन्हा वाऱ्याकडे थोडे झुकवून ठेवायचे असते. ही एवढीशी गोष्ट फळ्यावर दहादा सांगूनही जी उमगत नाही ती पायांनी चालताना उमगते. त्यानंतर हवेत गेल्यावर शिक्षकाने प्रथम चूक होऊ द्यावी: विद्यार्थ्याला केवळ होकायंत्राच्या आधाराने चौकोन उडवावयास सांगावे आणि चौथ्या बाजूअखेर आपण आरंभाच्या रस्त्यापासून किती दूर आलो हे त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. सुधारणेची गरज जेव्हा विद्यार्थ्याला स्वतःला भासते, तेव्हा पुढील उपदेश थोडा पुरतो.

प्रारंभ वारा पाठीशी घेऊन करावा असा संकेत आहे, आणि त्याला सबळ कारण आहे: जमिनीवरील वेग तिथे सर्वाधिक असल्याने पहिले वळणच सर्वांत तीव्र ठरते, आणि पुढे कल कमी करीत जाणे हे अननुभवी हाताला कल वाढवीत जाण्यापेक्षा सोपे व निर्धोक असते. ९० नॉटचे विमान आणि १५ नॉटचा वारा घेतला, तर वारा पाठीशी असता जमिनीवरील वेग १०५ नॉट आणि तोंडावर असता ७५ नॉट होतो. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढत असल्याने, झाडाभोवती १५०० फूट त्रिज्येचे वर्तुळ राखावयाचे तर एका बाजूस सुमारे ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूस सुमारे १८ अंश कल लागतो. या दोन टोकांमध्ये तो क्षणाक्षणाला बदलत राहिला पाहिजे, आणि इथेच बहुतेक विद्यार्थी अडखळतात, कारण आधीच्या पाठांत त्यांना एकच कल स्थिर धरण्याची तालीम मिळालेली असते. दोन खांबांभोवतीच्या अमेरिकन व्यावसायिक परीक्षेतील आठात तर कलापेक्षा उंचीचा प्रश्न येतो: नॉटमधील भूमिवेगाचा वर्ग करून त्याला ११.३ ने भागले असता जी उंची फुटांत मिळते त्या उंचीवरच खांब पंखाच्या टोकाशी खिळून राहिल्यासारखा दिसतो, म्हणजे ९० नॉटला सुमारे ७२० फूट, १०५ नॉटला सुमारे ९७५ आणि ७५ नॉटला सुमारे ५००. दाट वस्तीबाहेर ५०० फुटांखाली उतरू नये हा सर्वमान्य नियम असल्याने, वारा याहून जोराचा असेल त्या दिवशी हा धडा सोडून देणे हेच शहाणपणाचे.

चुकांपैकी दोन मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, विद्यार्थी खुणेकडे टक लावून बसतो, आणि त्याची उंची शेदोनशे फूट केव्हा गेली हे त्याला कळत नाही. दुसरी, मार्ग चुकतो आहे असे दिसताच तो रडरने नाक ढकलतो. या दुसऱ्या चुकीवर शिक्षकाने तिळमात्र दयामाया दाखवू नये, कारण ८०० फुटांवर जी सवय केवळ वळण कुरूप करते तीच धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणात प्राण घेते. पहिल्या चुकीला मात्र धीर धरावा लागतो: बाहेर क्षितिज, मग खूण, मग एक नजर यंत्रांवर, आणि पुन्हा बाहेर, हा फेर शिक्षकाने काही काळ मोठ्याने बोलून दाखवावा आणि नंतर गप्प राहावे. विमानाच्या रचनेचाही इथे संबंध येतो. उंच पंखाच्या विमानात सरळ उडताना खाली उत्तम दिसते, पण वळताना आतला पंख खाली येऊन खूण झाकू शकतो, म्हणून खुणेपासूनचे अंतर विमानागणिक निराळे ठरवावे लागते आणि एका विमानावरील शिकवण दुसऱ्यावर आंधळेपणाने लादता येत नाही.

या धड्यांविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकी खर्चाचा आक्षेप खरा आहे. उड्डाणाचा तास महाग असतो, अनेक कुटुंबे कर्ज काढून मुलामुलींना शिकवतात, आणि नवा पाठ म्हणजे नवा भार अशी भीती वाटणे साहजिक आहे. परंतु सर्किटमध्ये वाऱ्याशी झगडण्यात जे तास जातात ते हिशेबात धरले, तर आधी खर्च केलेले दोन तास वाया गेले असे कोणी म्हणू शकणार नाही. कमी उंचीवरील धोक्याचा आक्षेप शिस्तीने निवारता येतो: आरंभीच आजूबाजूचे आकाश तपासून घ्यावे, विजेच्या उच्चदाब तारा व वस्ती टाळावी, आणि इंजिन थांबल्यास कोणत्या शेतात उतरायचे ते आधीच मुक्रर करावे. पुढे एअरलाइनमध्ये संगणक विमान चालवणार असल्याने या जुन्या कौशल्याचा उपयोग काय, हा तिसरा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. पडद्यावरची रंगीत रेघ मार्ग दाखवते; वळणात पंख किती भार सोसतो आहे हे वैमानिकाच्या शरीराला शिकवण्याचे काम तिच्याने होत नाही. उपग्रहाधारित नोंदीचा खरा उपयोग उड्डाणानंतर आहे: टॅब्लेटवर उमटलेला मार्ग उपग्रहचित्रावर ठेवून पाहिला, की विद्यार्थ्याचे वर्तुळ कोणत्या बाजूस फुगले आणि कोठे चेपले हे वादाविना सिद्ध होते, उड्डाणाच्या वेळी मात्र तो पडदा झाकून ठेवावा.

आपल्या अनुक्रमात या धड्यांची जागा स्टॉलच्या पाठानंतर आणि सर्किटच्या आधी असावी, पहिल्या उड्डाणात आयत व अर्धवर्तुळे आणि दुसऱ्यात वर्तुळ व साधा आठ घ्यावेत, एकदा हलक्या आणि एकदा मध्यम वाऱ्यात ते उडवून घेतल्याची नोंद विद्यार्थ्याच्या दप्तरी राहावी, आणि एकल उड्डाणास पाठविण्यापूर्वी चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरने ती पाहावी, अशी तरतूद करण्यास नवी धावपट्टी वा नवे विमान लागत नाही. चंदीगडच्या आसपास यासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हे दिवस सर्वोत्तम: धुके सरलेले असते, धुळीची वादळे अद्याप दूर असतात, वारा असतो पण बेताचा, आणि गव्हाची हिरवी शेते व कडेचे रस्ते यांतील रेषा हजार फुटांवरून अगदी स्पष्ट दिसतात.